एल. फ्रँक बॉम

लिमन फ्रँक बॉम (१५ मे, १८५६:चिटनँगो, न्यू यॉर्क, अमेरिका - ६ मे, १९१९:हॉलिवूड, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन बालसाहित्यिक, नाटककार, पत्रकार आणि मूकपटांचे निर्माते होते. द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ (१९००) या अद्भुतरम्य कादंबरीमुळे ते जगभर ओळखले जातात. ऑझ या काल्पनिक देशावर त्यांनी एकूण १४ कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या कथा रंगमंचावर आणि पडद्यावर याव्यात यासाठी त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले आणि त्यांपायी त्यांचे दिवाळेही निघाले. त्यांच्या कादंबरीवरील सर्वांत प्रसिद्ध चित्रपट मात्र त्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, १९३९ मध्ये प्रदर्शित झाला.

सुरुवातीचे जीवन

बॉम यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील चिटनँगो या गावी झाला. बेंजामिन वॉर्ड बॉम आणि सिंथिया अ‍ॅन स्टँटन यांच्या नऊ अपत्यांपैकी ते सातवे होत. पेनसिल्व्हेनियातील खनिज तेलाच्या व्यवसायात वडिलांनी मोठी संपत्ती मिळवली होती. सिरॅक्यूज शहराजवळील रोझ लॉन नावाच्या प्रशस्त वास्तूत फ्रँक यांचे बालपण गेले. प्रकृती नाजूक असल्याने त्यांचे शिक्षण प्रामुख्याने घरीच झाले. बाराव्या वर्षी त्यांना पीकस्किल येथील लष्करी शाळेत पाठवण्यात आले. परंतु तेथील कडक शिस्त त्यांना मानवली नाही आणि दोन वर्षांत ते आजारी होऊन घरी परतले.

वडिलांनी घेऊन दिलेल्या लहानशा छपाईयंत्रावर फ्रँक आणि त्यांचे धाकटे भाऊ हॅरी यांनी रोझ लॉन होम जर्नल हे घरगुती नियतकालिक काढले. पुढे फ्रँक यांना जातिवंत कोंबड्या पाळण्याचा छंद लागला. १८८० मध्ये त्यांनी कुक्कुटपालनविषयक मासिक सुरू केले. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्यांविषयी होते.

रंगभूमी आणि विवाह

नाटक हे बॉम यांचे पहिले आणि अखेरपर्यंत न सुटलेले वेड होते. वडिलांनी त्यांच्यासाठी रिचबर्ग येथे एक नाट्यगृह उभारून दिले. स्कॉटिश लेखक विल्यम ब्लॅक यांच्या कादंबरीवरून बॉम यांनी द मेड ऑफ अरान (१८८२) हे संगीत नाटक लिहिले. त्यातील गीते व संगीत त्यांचेच होते आणि प्रमुख भूमिकाही त्यांनीच केली. नाटकाचा दौरा चालू असताना रिचबर्गचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले; त्यात त्यांच्या अनेक नाटकांच्या संहिताही जळाल्या.

९ नोव्हेंबर, १८८२ रोजी त्यांचा विवाह मॉड गेज यांच्याशी झाला. मॉड या स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या प्रसिद्ध कार्यकर्त्या मॅटिल्डा जॉस्लिन गेज यांच्या कन्या होत. कॉर्नेल विद्यापीठातील शिक्षण सोडून मुलीने एका नटाशी लग्न करावे, हे आईला सुरुवातीला पसंत नव्हते. कालांतराने सासू आणि जावई यांच्यात स्नेह निर्माण झाला. बॉम मुलांना सांगत असलेल्या गोष्टी त्यांनी लिहून काढाव्यात, असा आग्रह मॅटिल्डा यांनीच धरला. बॉम दांपत्याला फ्रँक जॉस्लिन, रॉबर्ट स्टँटन, हॅरी नील आणि केनेथ गेज हे चार मुलगे झाले.

डकोटामधील वर्षे

१८८७ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. पुढच्याच वर्षी बॉम सहकुटुंब डकोटा प्रदेशातील अ‍ॅबर्डीन या नव्याने वसलेल्या गावी गेले. तेथे त्यांनी बॉम्स बझार नावाचे दुकान उघडले. त्यात खेळणी, चिनी मातीची भांडी आणि शोभेच्या वस्तू मिळत. अवर्षणाने पिके बुडाली, गिऱ्हाइकांची उधारी वाढत गेली आणि जानेवारी १८९० मध्ये दुकान बंद पडले. या काळात पाहिलेले सपाट माळरान, दुष्काळ आणि कर्जबाजारी शेतकरी यांचे प्रतिबिंब त्यांच्या कादंबरीतील करड्या रंगाच्या कॅन्ससमध्ये पडले आहे, असे अभ्यासक मानतात.

दुकान बुडाल्यावर बॉम यांनी अ‍ॅबर्डीन सॅटर्डे पायोनियर हे साप्ताहिक चालवायला घेतले. साउथ डकोटा राज्यात १८९० मध्ये झालेल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला त्यांनी या पत्रातून जोरदार पाठिंबा दिला. तो प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला. याच साप्ताहिकात त्यांनी मूळ अमेरिकन लोकांविषयी लिहिलेले दोन अग्रलेख मात्र त्यांच्या चरित्रावरील मोठा डाग ठरले. १५ डिसेंबर, १८९० रोजी लकोटा नेते सिटिंग बुल मारले गेले. त्यानंतरच्या अंकात, आणि वुंडेड नी येथे २९ डिसेंबर रोजी अमेरिकन सैन्याने केलेल्या हत्याकांडानंतर पुन्हा जानेवारी १८९१ मध्ये, बॉम यांनी उरलेल्या मूळ रहिवाशांचा समूळ नाश करावा, असे मत मांडले.

१८९१ मध्ये साप्ताहिकही बंद पडले आणि बॉम शिकागोला गेले.

शिकागो आणि लेखनाची सुरुवात

शिकागोत बॉम यांनी प्रथम वृत्तपत्रात बातमीदार म्हणून आणि नंतर काचसामान व चिनी मातीच्या भांड्यांचे फिरते विक्रेते म्हणून काम केले. १८९२ मध्ये बॉम दांपत्य थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. त्या वेळी या संस्थेचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे होते. १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील पांढऱ्याशुभ्र इमारतींची नगरी त्यांनी पाहिली. ऑझमधील पाचूच्या नगरीची कल्पना त्यावरून सुचली असावी, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

विक्रीसाठीच्या सततच्या प्रवासाचा प्रकृतीवर परिणाम होऊ लागल्याने त्यांनी १८९७ मध्ये द शो विंडो हे मासिक सुरू केले. दुकानांच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात, हा त्याचा विषय होता. पुतळे, आरसे, दिवे आणि यांत्रिक हालचाली वापरून वाटसरूला जागच्या जागी कसे खिळवावे, याचे मार्गदर्शन ते त्यातून करत. केवळ देखाव्याच्या बळावर लोकांना भुलवणारा त्यांचा जादूगार आणि हा व्यवसाय यांच्यातील साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

त्याच वर्षी त्यांचे मदर गूज इन प्रोज हे मुलांसाठीचे पुस्तक मॅक्सफील्ड पॅरिश यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. १८९९ मध्ये चित्रकार विल्यम वॉलेस डेन्स्लो यांच्या सहकार्याने फादर गूज, हिज बुक हा बालकवितांचा संग्रह निघाला. रंगीत छपाईचा खर्च प्रकाशक सोसायला तयार नसल्याने तो लेखक आणि चित्रकार यांनीच उचलला. पुस्तकाला अनपेक्षित यश मिळाले आणि वयाच्या ४३व्या वर्षी बॉम यांच्या लेखनाला स्थैर्य आले.

द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ

ही कादंबरी १९०० मध्ये शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने प्रकाशित केली. कॅन्ससमधील डोरोथी ही अनाथ मुलगी आपल्या टोटो या कुत्र्यासह चक्रीवादळात सापडते आणि घरासकट ऑझच्या देशात जाऊन पडते. परतीची वाट शोधताना तिला बुद्धी हवी असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवे असलेला भित्रा सिंह भेटतात. ज्या महान जादूगाराकडे ते मदत मागायला जातात, तो प्रत्यक्षात ओमाहाहून फुग्यातून भरकटत आलेला एक साधा माणूस निघतो. त्याच्या नगरीतील रहिवाशांना हिरवे चश्मे सक्तीने लावावे लागतात. नगरीचा हिरवेपणा पुष्कळसा त्या काचांचा असतो. बुजगावणे सुरुवातीपासूनच शहाणपणाने वागते, लाकूडतोड्या किड्यामुंगीसाठीही रडतो आणि सिंह संकटात पुढे होतो; म्हणजे प्रत्येकाकडे हवा असलेला गुण आधीपासूनच असतो.

युरोपीय परीकथांतील भीषण शिक्षा आणि तात्पर्ये टाळून केवळ आनंदासाठी नव्या काळाची परीकथा लिहावी, असा बॉम यांचा हेतू होता. राजवाडे आणि राजपुत्र यांऐवजी शेत, बुजगावणे, तेलाची बुधली आणि गरम हवेचा फुगा अशा अमेरिकेच्या रोजच्या जीवनातील वस्तू त्यांनी अद्भुताच्या कामी लावल्या. डेन्स्लो यांच्या चित्रांचा रंग कथेतील प्रदेशानुसार बदलत जातो. त्या काळच्या बालपुस्तकांत हा प्रयोग नवा होता. १८९८ मध्ये मॉड यांची पाच महिन्यांची भाची डोरोथी गेज हिचा मृत्यू झाला होता. तिच्या स्मरणार्थ नायिकेला हे नाव दिले गेले, असे मानले जाते. चांगल्या चेटकिणींच्या चित्रणामागे, चेटकीण ठरवून छळल्या गेलेल्या स्त्रियांविषयी मॅटिल्डा गेज यांनी केलेल्या लेखनाचा प्रभाव असल्याचेही सांगितले जाते.

रंगमंचावरील ऑझ

कादंबरीवरील संगीत नाटक जून १९०२ मध्ये शिकागोत आणि जानेवारी १९०३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. दिग्दर्शक ज्युलियन मिचेल यांनी बॉम यांच्या संहितेत मोठे फेरफार केले. प्रौढ प्रेक्षकांसाठी राजकीय विनोद घातले गेले आणि टोटोच्या जागी इमोजीन नावाची गाय आली. बुजगावणे आणि लाकूडतोड्या यांच्या भूमिकांतील फ्रेड स्टोन आणि डेव्हिड माँटगोमेरी ही जोडी विलक्षण लोकप्रिय झाली. ब्रॉडवेवर २९३ प्रयोग झाले आणि त्यानंतर नाटक अनेक वर्षे दौऱ्यांवर चालले. आपल्या कथेत इतका बदल झालेला असूनही, प्रेक्षकांना काय हवे ते त्यांनी ठरवावे, अशी भूमिका बॉम यांनी पुढे घेतली.

१९०४ मधील द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ ही कादंबरी नाट्यरूपांतर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेली होती. तिच्यापासून चित्रकार जॉन आर. नील यांचे मालिकेशी नाते जुळले. या कादंबरीवरील द वॉगल-बग हे नाटक १९०५ मध्ये शिकागोत सपशेल पडले.

फेअरीलॉग आणि दिवाळखोरी

१९०८ मध्ये बॉम यांनी फेअरीलॉग अँड रेडिओ-प्लेज हा प्रयोग उभा केला. त्यात पॅरिसमध्ये हाताने रंगवलेल्या चित्रफिती, काचेच्या रंगीत चित्रपट्ट्या, वाद्यवृंद आणि प्रत्यक्ष नट यांचा मेळ होता. पांढरा पोशाख घातलेले बॉम स्वतः रंगमंचावर उभे राहून कथा सांगत आणि पडद्यावरील पात्रांशी संवाद साधत. प्रेक्षकांची दाद मिळाली, पण वाद्यवृंदासह सर्व लवाजमा गावोगावी नेण्याचा खर्च तिकीटविक्रीतून निघेना. वर्षअखेरीस प्रयोग बंद झाला आणि बॉम कर्जात बुडाले. त्या चित्रफिती आज उपलब्ध नाहीत.

कर्ज फेडण्यासाठी त्यांना आपल्या गाजलेल्या जुन्या पुस्तकांचे उत्पन्न धनकोंच्या हवाली करावे लागले. त्यात ऑझच्या पहिल्या कादंबरीचाही समावेश होता. कादंबरीवरून सेलिग कंपनीने १९१० मध्ये एका रिळाचा मूकपट काढला. अखेर जून १९११ मध्ये बॉम यांनी अधिकृतपणे दिवाळखोरी जाहीर केली.

याच सुमारास ते ऑझपासून सुटका करून घेण्याच्या प्रयत्नात होते. द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ (१९१०) मध्ये कर्जापायी शेत गमावलेले हेन्री काका आणि एम काकू डोरोथीसह कायमचे ऑझमध्ये राहायला येतात. शेवटी तो देश जगाला अदृश्य होतो आणि मालिका संपते. त्यानंतरच्या द सी फेअरीज (१९११) आणि स्काय आयलंड (१९१२) या वेगळ्या कथांना मात्र तेवढा वाचक मिळाला नाही. मुलांची पत्रे येतच होती आणि पैशांची गरजही होती. त्यामुळे १९१३ मध्ये द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ लिहून त्यांनी मालिका पुन्हा सुरू केली. उपजीविकेसाठी ते टोपणनावांनीही लिहीत. ईडिथ व्हॅन डाइन या नावाने लिहिलेली आंट जेन्स नीसेस ही मुलींसाठीची मालिका चांगलीच खपली.

चित्रपटनिर्मिती

१९१० मध्ये बॉम कुटुंब कॅलिफोर्नियातील हॉलिवूड येथे स्थायिक झाले. मॉड यांच्या पैशांतून बांधलेल्या घराचे नाव ऑझकॉट असे ठेवण्यात आले. चित्रपट उद्योग तेव्हा नुकताच तेथे रुजू लागला होता. १९१४ मध्ये लॉस एंजेलसमधील काही धनिक मित्रांच्या साहाय्याने बॉम यांनी द ऑझ फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. या वेळी त्यांनी स्वतःचा पैसा गुंतवला नाही. अध्यक्षपद आणि पटकथालेखन त्यांच्याकडे होते. द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ, द मॅजिक क्लोक ऑफ ऑझ आणि हिज मॅजेस्टी, द स्केअरक्रो ऑफ ऑझ हे मूकपट कंपनीने काढले. लुई एफ. गॉट्सचॉक यांनी त्यांसाठी खास संगीत रचले होते.

पहिल्याच चित्रपटाला प्रेक्षकांचा अल्प प्रतिसाद मिळाला. हे केवळ लहान मुलांचे चित्रपट आहेत, अशी चित्रपटगृहचालकांची समजूत झाली आणि पुढील चित्रपटांना वितरक मिळणे कठीण झाले. प्रौढांसाठीचा एक चित्रपट काढूनही परिस्थिती सुधारली नाही आणि १९१५ मध्ये कंपनीचे काम थांबले. तिसऱ्या चित्रपटाच्या कथेवरून बॉम यांनी द स्केअरक्रो ऑफ ऑझ (१९१५) ही कादंबरी लिहिली. म्हणजे येथे चित्रपट आधी आणि पुस्तक नंतर, असा उलटा प्रवास झाला.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

अखेरच्या वर्षांत बॉम ऑझकॉटच्या बागेत फुले वाढवण्यात रमले. त्यांच्या डेलिया आणि शेवंतीच्या फुलांना प्रदर्शनांत पारितोषिके मिळत. हृदयविकार आणि पित्ताशयाचा आजार बळावल्याने १९१८ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते बहुतेक काळ अंथरुणाला खिळून होते. त्या अवस्थेतही त्यांनी ऑझच्या उरलेल्या कादंबऱ्यांचे काम चालू ठेवले. ६ मे, १९१९ रोजी, ६३व्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी, त्यांचे निधन झाले. ग्लेंडेल येथील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. मालिकेतील शेवटच्या दोन कादंबऱ्या त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाल्या. पुढे प्रकाशकांनी मालिकेचे लेखन रूथ प्लम्ली थॉम्प्सन यांच्याकडे सोपवले.

१९३९ चा चित्रपट

१९२५ मध्ये लॅरी सेमन यांनी काढलेल्या मूकपटाचा मूळ कथेशी फारसा संबंध नव्हता. वॉल्ट डिस्ने यांच्या स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स (१९३७) या चित्रपटाच्या यशानंतर मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने कादंबरीचे हक्क विकत घेतले. व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित द विझार्ड ऑफ ऑझ ऑगस्ट १९३९ मध्ये प्रदर्शित झाला. जूडी गारलँड यांनी डोरोथीची भूमिका केली. चित्रपटाला सर्वोत्तम मूळ संगीत आणि सर्वोत्तम गीत यांसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाले. हॉलिवूडमधील पहिल्या खेळाला मॉड बॉम उपस्थित होत्या. निर्मितीखर्च अवाढव्य असल्याने पहिल्या प्रदर्शनात कंपनीला नफा झाला नाही. तो १९४९ च्या पुनर्प्रदर्शनानंतर झाला. १९५६ पासून दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवला गेल्याने हा चित्रपट घराघरांत पोहोचला. २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

पुस्तक आणि चित्रपट यांतील फरक

चित्रपटाने कथेचा सांगाडा राखला, तरी अनेक महत्त्वाचे बदल केले. पुस्तकातील चांदीचे बूट चित्रपटात माणकांचे झाले, कारण नव्या टेक्निकलर पद्धतीत लाल रंग अधिक उठून दिसत होता. पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला पुस्तकात मर्यादित स्थान आहे. चित्रपटात मार्गारेट हॅमिल्टन यांनी साकारलेली हिरव्या कातडीची चेटकीण सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोरोथीचा पाठलाग करते. पुस्तकातील दोन चांगल्या चेटकिणींची मिळून एकच ग्लिंडा करण्यात आली. चिनी मातीच्या माणसांचा देश आणि मंतरलेल्या कुऱ्हाडीने एकेक अवयव गमावत गेलेल्या लाकूडतोड्याची पूर्वकथा वगळण्यात आली. अफूच्या फुलांनी आणलेली झोप पुस्तकात उंदरांच्या मदतीने निभावली जाते, तर चित्रपटात हिमवर्षावाने उतरते. ही युक्ती १९०२ च्या नाटकातून आली होती.

सर्वांत मोठा फरक शेवटाचा आहे. चित्रपटात ऑझ हे डोरोथीला पडलेले स्वप्न ठरते आणि कॅन्ससमधील शेतमजूरच तिथल्या सोबत्यांच्या रूपात दिसतात. बॉम यांच्या पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे. डोरोथी परत येते तेव्हा वादळात उडालेल्या घराच्या जागी काकांनी नवे घर बांधलेले असते आणि तिच्या पायांत बूट नसतात, कारण ते वाळवंटावरून येताना गळून पडलेले असतात. पुढे ती पुन्हा पुन्हा ऑझला जाते आणि शेवटी तेथेच राहते. त्यामुळे आपले घर सोडून कोठेही जाऊ नये, हा चित्रपटाचा बोध संपूर्ण मालिकेला लागू पडत नाही. डकोटात दुकान आणि वृत्तपत्र गमावलेल्या लेखकाने कर्जात बुडालेल्या शेतकरी कुटुंबाला अखेर आसरा दिला, तो ऑझमध्ये.

वाद आणि पुनर्मूल्यांकन

बॉम यांच्या हयातीत आणि त्यानंतरही अनेक ग्रंथपालांनी ऑझ मालिकेला दर्जेदार बालसाहित्य मानले नाही. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संचालकांनी या पुस्तकांवर टीका केल्याने मोठा वाद झाला. १९६४ मध्ये हेन्री लिटलफील्ड यांनी ही कादंबरी १८९० च्या दशकातील शेतकरी चळवळ आणि चलनाचा वाद यांचे रूपक असल्याचे मांडले. हे विवेचन बरीच वर्षे वर्गांतून शिकवले गेले. परंतु बॉम यांचा तसा हेतू असल्याचा पुरावा मिळालेला नाही.

मूळ अमेरिकन लोकांविषयीच्या अग्रलेखांची चर्चा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने सुरू झाली. स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या आणि कथांतून दुर्बलांना बळ देणाऱ्या लेखकाने एका संपूर्ण समाजाच्या संहाराची मागणी करावी, ही विसंगती चरित्रकारांना आजही अस्वस्थ करते. २००६ मध्ये बॉम यांच्या वंशजांनी या लेखांबद्दल सू जमातीची माफी मागितली.

नंतरची रूपांतरे

कादंबरीचा प्रताधिकार १९५६ मध्ये संपल्यानंतर नव्या रूपांतरांना वाट मोकळी झाली. कृष्णवर्णीय कलाकारांचे संगीत नाटक द विझ १९७५ मध्ये ब्रॉडवेवर आले. १९७८ मधील त्याच्या चित्रपटात डायाना रॉस आणि मायकेल जॅक्सन यांनी भूमिका केल्या. रिटर्न टू ऑझ (१९८५) हा चित्रपट मालिकेतील दुसऱ्या व तिसऱ्या कादंबरीवर आधारित आहे. रशियात अलेक्झांडर व्होल्कोव्ह यांनी १९३९ मध्ये या कथेवरून स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्याचीही मालिका झाली. ग्रेगरी मॅग्वायर यांनी विकेड (१९९५) या कादंबरीत दुष्ट चेटकिणीच्या बाजूने कथा सांगितली. तिच्यावरील संगीत नाटक २००३ मध्ये आणि दोन भागांतील चित्रपट २०२४ व २०२५ मध्ये आले. मॅग्वायर यांनी आपल्या नायिकेचे एल्फाबा हे नाव बॉम यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून बनवले आहे.

ऑझ मालिकेतील कादंबऱ्या

द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ (१९००)
द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ (१९०४)
ऑझ्मा ऑफ ऑझ (१९०७)
डोरोथी अँड द विझार्ड इन ऑझ (१९०८)
द रोड टू ऑझ (१९०९)
द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ (१९१०)
द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ (१९१३)
टिक-टॉक ऑफ ऑझ (१९१४)
द स्केअरक्रो ऑफ ऑझ (१९१५)
रिंकिटिंक इन ऑझ (१९१६)
द लॉस्ट प्रिन्सेस ऑफ ऑझ (१९१७)
द टिन वुडमन ऑफ ऑझ (१९१८)
द मॅजिक ऑफ ऑझ (१९१९)
ग्लिंडा ऑफ ऑझ (१९२०)